मोहन सामंत

सामंत, मोहन बाळकृष्ण (१९२४ – २२ जानेवारी २००४). भारतीय आधुनिक चित्रकार व सारंगीवादक. अमूर्ताकडे झुकणारी रचना, वाळू मिसळून खरबरीत केलेला पृष्ठभाग, पुराणकथांतून आलेल्या आकृती आणि बारीक अलंकरण या चारही गोष्टी एकाच चित्रात सहज नांदवणारा त्यांच्या तोडीचा चित्रकार त्यांच्या पिढीत क्वचितच सापडेल.

जन्म मुंबईतील गोरेगावचा. सर ज. जी. कलाशाळेतून त्यांनी १९५२ मध्ये पदविका घेतली. तेथे शंकर पळशीकर हे त्यांचे शिक्षक होते. भारतीय लघुचित्रांची परंपरा विद्यार्थ्यांपुढे गंभीरपणे ठेवणारा हा शिक्षक सामंतांना अगदी योग्य वेळी भेटला. सूझा आणि रझा हे संस्थापक चित्रकार परदेशी गेल्यावर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या मुंबईतील आधुनिक चित्रकारांच्या गटात जी नवी मंडळी आली, त्यांत गायतोंडे, कृष्ण खन्ना यांच्याबरोबर सामंतही होते. पुढे १९५७-५८ मध्ये इटली सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते रोमला गेले. १९५९ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्ती मिळून न्यूयॉर्कला पोहोचले आणि १९६४ पर्यंत तेथे राहिले. मधली काही वर्षे मुंबईत काढून १९६८ मध्ये ते पुन्हा न्यूयॉर्कला गेले, ते कायमचेच.

त्यांच्या चित्रांचा पाया पोतात आहे. रंगात वाळू कालवून कॅनव्हासवर थर चढवला की तो वाळताना दाणेदार होतो. त्यावरून कोरड्या ब्रशने दुसरा रंग फिरवला, तर तो दाण्यांच्या माथ्यावरच बसतो आणि खालचा रंग खळग्यांत तसाच राहतो. त्यामुळे एकच जागा लांबून एकरंगी दिसते, जवळ जावे तसे तिच्यातले रंग सुटे होतात. ओल्या थरात टोकदार वस्तूने ओरखडून काढलेली रेषा तर रंगवलेली वाटतच नाही, ती खोदलेली वाटते. साठच्या दशकातील त्यांच्या चित्रांपुढे उभे राहिले की प्राचीन भिंत, गुहा किंवा शिलालेख आठवतो तो यामुळे. इजिप्तची भित्तिचित्रे व चित्रलिपी आणि प्रागैतिहासिक गुहाचित्रे यांचे त्यांना खरेच आकर्षण होते. ‘ग्रीन स्क्वेअर’ (१९६३) हे त्यांचे याच काळातील चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे.

अलंकरणाचा धागा मात्र बसोहलीपर्यंत जातो. जम्मूच्या डोंगराळ भागातील या लघुचित्रशैलीत मोती दाखवायला पांढऱ्या रंगाचे जाड, उठावदार ठिपके देत आणि पाचूच्या जागी भुंगेऱ्याच्या हिरव्या, चकाकत्या पंखांचे तुकडे चिकटवत. म्हणजे दागिना नुसता रंगवलेला नसे, तो कागदावर प्रत्यक्ष घडवलेला असे. सामंतांनी बसोहलीतून पिवळा-तांबडा झगझगीत रंग घेतला, तसाच हा दृष्टिकोनही घेतला असे म्हणायला हरकत नाही. त्यांच्या चित्रांत नक्षी ही शेवटी घातलेली सजावट राहत नाही. तीही वाळूसारखी हाताला लागेल अशी असते.

सत्तरच्या दशकापासून चित्राचा पृष्ठभाग त्यांना पुरेनासा झाला. त्यांनी कागदाच्या कापलेल्या आकृती थरांवर थर देऊन बसवल्या, तार वाकवून तिचीच रेषा केली, छोटी प्लास्टिकची खेळणी रंगात रोवली. तारेची रेषा कॅनव्हासपासून किंचित सुटलेली असल्याने तिची सावली पडते आणि प्रकाश बदलला की रेखाटन बदलते. याच टप्प्यावर देवदेवता, मुखवटे, पूर्वज, विचित्र प्राणी यांची गर्दी झाली. ओळखीची कथा सरळ सांगणे त्यांनी टाळले. एकाच चित्रात अनेक पुराणांचे तुकडे शेजारी शेजारी येतात आणि त्यांचा मेळ बघणाऱ्याने लावायचा असतो. त्यामुळे त्यांना निव्वळ ‘अमूर्त चित्रकार’ म्हणणे अपुरे आहे. आकृती त्यांनी कधीच पूर्णपणे सोडली नाही. मात्र ती रंग आणि पोत यांच्या नियमाने चालते, शरीररचनेच्या नाही.

सारंगी ही त्यांची आयुष्यभराची साधना होती, हौसेपुरती गोष्ट नव्हे. चित्रांशी तिचा थेट संबंध जोडण्याचा मोह आवरलेला बरा. एवढे मात्र खरे की दोन्हीकडे त्यांनी रियाजाची शिस्त पाळली.

सामंतांची उपेक्षा झाली, आणि त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. न्यूयॉर्कमध्ये साध्या, मोजक्या आकारांवर भर देणाऱ्या मिनिमल कलेचा जोर असताना कथा आणि नक्षी यांना तेथे फारसा मान नव्हता. भारतात कलाबाजार तेजीत आला, तेव्हा ते येथे नव्हते. मृत्यूनंतर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले आणि त्यांच्या कामाचा पल्ला येथील रसिकांना एकत्र पाहता आला. छापील चित्रांवरून सामंत समजणे कठीणच, कारण छपाईत वाळूचा दाणा आणि तारेची सावली दोन्ही सपाट होतात.