फाईल इम्पोर्ट का फसते, त्यामागची जुनी गोष्ट

एका हिशोबाच्या प्रोग्रॅममधून दुसऱ्यात डेटा नेताना जे घोळ होतात ना, एंट्र्या डबल होणं, तारखा उलट्या होणं, बॅलन्स कुठल्या कुठे जाणं, त्यात बऱ्याचदा आपली काहीच चूक नसते, तो घोळ त्या फाईलच्या फॉरमॅटमध्येच पहिल्यापासून बसलेला असतो.

सुरुवात इंट्यूइटपासून. ही कंपनी १९८३ साली निघाली, तिचा क्विकन हा प्रोग्रॅम घरगुती हिशोबासाठी भयंकर चालला आणि त्याच्याच सोयीसाठी क्यूआयएफ हा फॉरमॅट आला. साधी टेक्स्ट फाईल, नोटपॅडमध्ये उघडली तरी वाचता येते. प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर सांगतं की पुढे काय आहे: डी म्हणजे तारीख, टी म्हणजे रक्कम, पी म्हणजे पैसे कुणाला दिले, एल म्हणजे कॅटेगरी, आणि व्यवहार संपला की टोपीसारखी एक खूण. इतकं सोपं असल्यामुळे बाकीच्या प्रोग्रॅम्सनी पण तो पटापट उचलला, आणि मला अजूनही तो आवडतो, पण काय काय लिहायचं राहून गेलं ते बघा. तारखेत दिवस आधी की महिना आधी हे फाईलमध्ये कुठेच नसतं. मग ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? प्रोग्रॅम अंदाज करतो, १२ पर्यंतच्या तारखा चुकीच्या असूनही गुपचूप आत जातात आणि १३ तारीख आली की एरर येते, म्हणून अर्धी फाईल बरोबर आणि अर्धी गडबड असं वाटतं, खरं तर जी "बरोबर" गेली तीच चुकलेली असते. त्यात २००० नंतरचं वर्ष दाखवायला क्विकनने स्लॅशच्या जागी अपॉस्ट्रॉफी वापरली, ती सगळ्यांनाच कळत नाही. चलन कुठलं तेही लिहिलेलं नसतं.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे व्यवहाराला स्वतःची ओळखच नाही. तीच फाईल दोनदा इम्पोर्ट केली तर प्रोग्रॅमने ओळखायचं कसं? तारीख आणि रक्कम जुळते का एवढंच तो बघू शकतो, आणि एकाच दिवशी सारख्याच रकमेचे दोन खरे व्यवहार असले की पंचाईत. ट्रान्सफरचं तर विचारूच नका. सेव्हिंगमधून क्रेडिट कार्डला पैसे टाकले की ती नोंद दोन्ही खात्यांच्या फाईलमध्ये येते, चौकोनी कंसात समोरच्या खात्याचं नाव लिहून. दोन्ही फाईली घेतल्या की ट्रान्सफर डबल. नावात एक स्पेस जास्त असली तरी कित्येक प्रोग्रॅम नवीनच खातं उघडून बसतात! मी एकदा अख्खी एक रात्र असे डबल ट्रान्सफर हाताने काढण्यात घालवलीय.

मायक्रोसॉफ्टचा मनी हा असाच हिशोबाचा प्रोग्रॅम १९९१ मध्ये आला. १९९४ मध्ये त्यांनी इंट्यूइटच विकत घ्यायचं ठरवलं, पण अमेरिकेच्या न्याय विभागाने खटला भरला आणि १९९५ मध्ये ते बारगळलं. मग याच दोघांनी चेकफ्री या ऑनलाईन बिलं भरून देणाऱ्या कंपनीला सोबत घेऊन १९९७ मध्ये ओएफएक्स हा नवा फॉरमॅट आणला, आणि इथे खरी सुधारणा झाली: प्रत्येक व्यवहाराला बँकेने दिलेला एक नंबर, एफआयटीआयडी. त्याच खात्यात तोच नंबर परत दिसला की प्रोग्रॅम व्यवहार सोडून देतो. तारीखही वर्ष-महिना-दिवस अशीच, वाद नाही. पण बँकेने दर डाउनलोडला नंबर बदलला तर सगळं परत डबल होतं, आणि वेगळ्या व्यवहारांना एकच नंबर दिला तर एंट्र्या गायब. तारखेसोबत वेळ असते, टाइमझोन लिहिला नसेल तर ग्रीनिचची वेळ धरायची असा नियम आहे, म्हणून कधीकधी सगळे व्यवहार एक दिवस मागे सरकलेले दिसतात.

पुढे इंट्यूइटने ओएफएक्सचीच स्वतःची आवृत्ती काढली, क्यूएफएक्स, त्यात इंट्यूइटने बँकेला दिलेला नंबर असतो, तो नसला किंवा बंद झाला की क्विकन फाईल घेतच नाही. क्विकनच्या २००५ च्या आवृत्तीत तर बँक खात्यांसाठी क्यूआयएफ इम्पोर्टच काढून टाकलं, म्हणजे स्वतःच जन्माला घातलेला फॉरमॅट! हे मला अजिबात पटलेलं नाही, कारण जुना डेटा लोकांचा होता. मनीची विक्री २००९ मध्ये थांबली आणि मनी वापरणारे लोकही अशाच जुन्या फाईली घेऊन दुसरीकडे जायला निघाले, काही ग्नूकॅश या प्रोग्रॅमकडे, जो तारखेचा क्रम कळला नाही तर निदान विचारतो तरी.

सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामाने कॉलम वेगळे केलेली साधी फाईल, तिचं तर सरळ आहे, कॉलमचा अर्थच ठरलेला नाही, दर बँकेचा वेगळा. त्यामुळे मी काय करतो, फाईल आधी नोटपॅडमध्ये उघडून १२ च्या पुढची एखादी तारीख शोधतो, बॅकअप घेतो, मग रिकाम्या टेस्ट खात्यात पाच-सहाच व्यवहार टाकून बघतो, ते नीट दिसले की मगच बाकीचे.