घर तिथेच, पूररेषा सरकली

अमेरिकेत घरावर कर्ज असलेल्या माणसाला एक दिवस बँकेचं पत्र येतं. तुमचं घर आता पुराच्या धोक्याच्या क्षेत्रात आलं आहे, ४५ दिवसांत पूर विमा काढा; नाही काढला तर आम्ही काढू आणि हप्ता तुमच्याकडून वसूल करू. घर जागचं हललेलं नसतं, अंगणात कधी पाणी शिरलेलं नसतं. बदललेला असतो तो नकाशा.

हे नकाशे फेमा ही तिथली केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्था काढते. राष्ट्रीय पूर विमा योजना १९६८ च्या कायद्याने आली आणि १९७३ पासून धोक्याच्या क्षेत्रातल्या तारण घरांना विमा सक्तीचा झाला. धोक्याचं क्षेत्र म्हणजे कुठल्याही एका वर्षात पुराखाली जाण्याची शक्यता निदान १ टक्का असलेली जमीन. त्या पुराला ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणतात आणि या नावानेच घात केला आहे. एकदा येऊन गेला की शंभर वर्षं निश्चिंती, असं लोक धरून चालतात. हिशेब वेगळाच निघतो: ३० वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत तो पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, म्हणजे चारात एक.

नकाशा बदलतो त्याची कारणं जमिनीवर आणि आभाळात दोन्हीकडे असतात. वरच्या अंगाला वस्ती वाढली, डांबर आणि काँक्रीट पसरलं की मुरणारं पाणी थेट नाल्यात येतं. विमानातून लेसर किरण सोडून केलेल्या लायडार मोजणीमुळे जमिनीचा चढउतार पूर्वीपेक्षा कितीतरी बारकाईने कळतो. आणि पावसाचे आकडेच बदलतात. ह्यूस्टन परिसरात १ टक्का शक्यतेचा २४ तासांचा पाऊस आधी सुमारे १३ इंच धरला जायचा; २०१८ मध्ये राष्ट्रीय हवामान यंत्रणेने नवी आकडेवारी काढली तेव्हा तो १८ इंचांच्या आसपास गेला. तोच ओढा, तेच काठ, पण हिशेबात पाच इंच पाणी जास्त.

इथे मोजणीदाराचं काम सुरू होतं. मालमत्तेच्या मोजणी नकाशावर पूरक्षेत्राची नोंद बहुधा फेमाचा नकाशा समोर ठेवून, रेषा कुठून जाते ते पाहून केलेली असते. रेषा घराच्या कोपऱ्याला चाटून जात असेल तर या नोंदीवर विसंबू नये, असं मला ठामपणे वाटतं. खरा निकाल उंचीवर लागतो. मोजणीदार घराभोवती फिरतो, भिंतीला लागून असलेली सगळ्यांत खालची जमीन शोधतो, तिथे पट्टी उभी धरतो आणि फुटाच्या दहाव्या भागापर्यंत उंची काढतो. ही जमीन नैसर्गिक असेल आणि त्या जागी ठरवलेल्या पूरपातळीइतकी (१ टक्का शक्यतेच्या पुराचं पाणी जिथवर चढेल तितकी) किंवा तिच्या वर असेल, तर फेमाकडे अर्ज करून घर धोक्याच्या क्षेत्रातून वगळून घेता येतं. या अर्जाला फेमा शुल्क घेत नाही, मोजणीचा खर्च मात्र मालकाचा. भराव टाकून जमीन उंच केली असेल तर मार्ग वेगळा आणि त्याला शुल्क आहे.

उंचीतही एक खाच आहे. उंची कशापासून मोजली? जुने नकाशे १९२९ च्या आधारपातळीवर होते. ती २६ ठिकाणच्या समुद्रपातळीच्या नोंदींवर बेतलेली होती. आताचे नकाशे १९८८ च्या पातळीवर आहेत आणि ती कॅनडातल्या क्वेबेकमधल्या एकाच ठिकाणाला बांधलेली आहे. दक्षिण फ्लोरिडात या दोहोंत साधारण दीड फुटाचा फरक पडतो. समजा, मोजणीदाराने पूर्वी दिलेल्या उंचीच्या दाखल्यावर घराशेजारची जमीन १२.४ फूट आहे आणि नव्या नकाशात पूरपातळी ११.५. वाटतं, घर जवळजवळ एक फूट वर आहे. रूपांतर केलं की जमीन १०.९ भरते, म्हणजे पुराच्या अर्धा फूटभर खाली! म्हणून जुना दाखला हातात आला की आकड्याआधी त्याखालचं साल वाचावं.

नवा नकाशा लागू होण्याआधी ९० दिवसांची हरकतीची मुदत असते आणि तिथे तांत्रिक पुरावाच चालतो. ‘आमच्याकडे कधी पाणी आलं नाही’ हे पुरेसं नसतं. आधी मिळालेली वगळणीची पत्रंही नव्या नकाशाबरोबर पुन्हा तपासली जातात. पूरपातळी वाढून घराशेजारच्या जमिनीच्या वर गेली असेल तर ती रद्द होतात.

विम्याचं गणित २०२१ च्या ऑक्टोबरपासून बदललं आहे. हप्ता आता झोनवरून, म्हणजे नकाशात घर कुठल्या क्षेत्रात पडतं त्यावरून, ठरत नाही. पाण्यापासूनचं अंतर, घराची उंची, पुन्हा बांधण्याचा खर्च हे पाहून ठरतो. झोन उरला तो मुख्यतः सक्तीपुरता. त्यामुळे रेषेबाहेर पडलं की धोका संपला असं कुणी समजू नये, हे मला कळकळीने सांगावंसं वाटतं. २०१७ च्या हार्वी वादळात ह्यूस्टन परिसरात बुडालेल्या घरांपैकी निम्म्याहून अधिक घरं धोक्याच्या क्षेत्राबाहेरची होती.

वगळणीचं पत्र मिळालं तरी पॉलिसी चालू ठेवता येते. अर्जासाठी काढलेला उंचीचा दाखला विमा कंपनीलाही देता येतो. त्याने हप्ता कमी होत असेल तरच तो धरला जातो, वाढत असेल तर नाही. एरवी पॉलिसी काढल्यावर ती लागू व्हायला ३० दिवस लागतात, म्हणजे वादळ बातम्यांत दिसल्यावर धावपळ करून काही हाती लागत नाही. नकाशा बदलून घर नव्याने धोक्याच्या क्षेत्रात आलं असेल आणि पहिल्या १३ महिन्यांत पॉलिसी घेतली, तर हीच मुदत एका दिवसावर येते.