कोळसा खाण ‘बंद’ केव्हा होते? चंद्रपूर-वणी पट्ट्यातील भूसुधार तपासणीची पार्श्वभूमी

वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ मध्ये थांबली आणि १९७३ च्या राष्ट्रीयीकरणात या पट्ट्यातील खासगी खाणी, त्यांच्या जुन्या पोकळ्यांसह, सार्वजनिक मालकीत आल्या. खाणीनंतरच्या जमिनीसाठी आधीच पैसा राखून ठेवण्याची सक्ती मात्र केंद्रीय कोळसा मंत्रालयाच्या ऑगस्ट २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनी आली. खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख आणि भूमिगत खाणीसाठी हेक्टरी १ लाख रुपये या दराने होणारी रक्कम खाणीच्या उरलेल्या आयुष्यात दरवर्षी वेगळ्या खात्यात भरायची होती. २०१३ च्या सुधारणेनुसार दर पाच वर्षांनी कामाची तपासणी होऊन जमा रकमेच्या ८० टक्क्यांपर्यंत परतावा मिळू लागला आणि तपासणीला प्रथमच आर्थिक वजन आले.

या व्यवस्थेतील खरा गुंता शब्दांचा आहे. ‘थांबवलेली’, ‘सोडून दिलेली’ आणि ‘बंद केलेली’ खाण हे शब्द बोलण्यात एकच वाटतात, परंतु प्रत्येकामागची जबाबदारी निराळी आहे. सुरक्षा नियमांप्रमाणे खाण सोडल्याची सूचना देऊन नकाशे सादर करावे लागतात. त्यातून वरची जमीन सुधारली, असे सिद्ध होत नाही. खाण बंद करण्याच्या मंजूर आराखड्यातील सर्व कामे पूर्ण झाल्याचा दाखला मिळाल्यावरच खाण खऱ्या अर्थाने बंद ठरते. वर्षानुवर्षे कोळसा न काढताही एखादी खाण कागदावर केवळ ‘थांबवलेली’ राहू शकते, आणि तोवर अंतिम तपासणीची वेळच येत नाही. शिवाय २००९ पूर्वी थांबलेल्या खाणींना आराखडा नव्हता आणि राखीव पैसाही नव्हता. त्यांच्यासाठी स्वतंत्र सूचना निघाल्या त्या ऑक्टोबर २०२२ मध्ये, म्हणजे तब्बल १३ वर्षांनी. आणि त्यांच्या शीर्षकात हे तिन्ही शब्द एकत्रच ठेवले गेले. हा विलंब समर्थनीय नव्हता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये घुग्घुस येथे जुन्या भूमिगत खाणीवरील वस्तीतले एक घर जमिनीत गडप झाले होते.

तपासणीची रीतही वादापलीकडे नाही. कोळसा आणि वरची माती-दगड मिळून वर्षाला ५० लाख घनमीटरांहून अधिक उत्खनन करणाऱ्या खुल्या खाणींची पाहणी उपग्रहाद्वारे दरवर्षी होते. ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाच्या, ढिगाऱ्यांवर झाडी वाढली की नकाशावर हिरवा रंग दिसतो. परंतु ती झाडी सुबाभळीची आहे की चराऊ गवताची, वरची सुपीक माती परत पसरली आहे की नाही, पहिल्या मोठ्या पावसात उतार टिकतो का, हे त्या रंगातून कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० च्या आदेशात खाणीची जमीन चारा आणि वनस्पती वाढण्यायोग्य करण्याची अट घालण्यास सांगितले, आणि चाऱ्याची खातरजमा जागेवर चालत जाऊनच होते.

भूमिगत खाणीच्या बाबतीत तर उपग्रहाचा आधार आणखी तोकडा पडतो. तेथे तपासणी जुन्या नकाशांपासून सुरू व्हायला हवी: कोणत्या घराखाली पोकळी आहे, आधाराचे कोळशाचे खांब किती शिल्लक आहेत आणि मधल्या जागेत वाळू खरोखर भरली होती का.