इंटरमिजिएट झालं म्हणजे ड्रॉइंग मास्तर होता येतं, हे खरं नाही

कोल्हापूर म्हणजे कलापूर, त्यामुळे इथं घरोघरी एक समज पक्का बसलाय, पोराचा हात चांगला आहे, एलिमेंटरी-इंटरमिजिएट झाली, म्हणजे चित्रकला शिक्षक व्हायला मोकळा. तसं नाहीये. त्या कला संचालनालयाच्या, शाळेतल्या पोरांसाठीच्या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा आहेत, इंटरमिजिएटला ए ग्रेड असेल तर दहावीला ७ मार्क वाढतात एवढंच. नोकरीसाठी एटीडी म्हणजे आर्ट टीचर डिप्लोमा लागतो, २ वर्षांचा, आणि त्यात शिकवायचं कसं हेपण शिकावं लागतं.

आणि हेच खरं काम आहे ओ. दुसरीतली पोरगी रंकाळा काढते तेव्हा तळं वरून बघितल्यासारखं गोल आणि काठावरची माणसं, भेळेच्या गाड्या चारी बाजूंना आडव्या पडलेल्या, हे चुकलेलं नसतं, त्या वयात जागा अशीच कळते, तिथं खोडरबर घेऊन सरळ करायला गेलात की ती पुढच्या वेळी तुमच्याकडं बघून काढणार.

अजून एक, पहिली ते पाचवीला बहुतेक शाळांत वेगळा कलाशिक्षक नसतोच, वर्गशिक्षकच चित्रकला घेतात. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात अर्धवेळ कला निदेशक, म्हणजे कला शिकवणारे, आहेत तेपण सहावी ते आठवीला, १०० च्या वर पोरं असतील तर. त्यामुळे एटीडीची फी भरायच्या आधी नोकरीच्या जागा कुठं आहेत ते नीट बघा.