जुन्या चर्चमध्ये अभ्यासिका सुरू करायचीय? परवानगी अशी घ्या

जालना, छत्रपती संभाजीनगर अशा जुन्या छावणीच्या शहरांत चर्चच्या ब्रिटिशकालीन इमारती आहेत. उपासना थांबली की दाराला कुलूप लागतं आणि पुढच्या काही पावसाळ्यांत छत गळू लागतं. तिथे अभ्यासिका किंवा वाचनालय काढायचं ठरलं की बहुतेक जण थेट नगरपालिका गाठतात. तसं करू नका. आधी पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) आणि मंडळीच्या, म्हणजे त्या चर्चच्या सभासदांच्या, कमिटीला भेटा. त्यांच्या आजी-आजोबांचे बाप्तिस्मे, लग्नं इथेच झालेली असतात. त्यांचं मन नसेल तर एकही कागद पुढे सरकवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग मालकी बघा. शहरात मिळकत पत्रिका, बाहेर सातबारा. आपल्याकडे मराठवाड्यात खरी मेहनत निजामकाळातल्या कागदांवर पडते. जमीन इनामी असेल तर उर्दूतला मुंतखब (इनामाच्या हक्काचा दाखला) शोधावा लागतो. जाणकाराकडून त्याचा अनुवाद करून घ्या आणि त्यातलं नाव खासरा पत्रकातल्या (जुन्या जमीन-नोंदीतल्या) व आजच्या उताऱ्यावरच्या नावाशी ताडून पाहा. वास्तू ट्रस्टची असेल, तर धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल-१ ची, म्हणजे ट्रस्टच्या नोंदणी उताऱ्याची, नक्कल काढा. ही मिळकत त्यात नोंदलेली असायला हवी.

स्वयंसेवकांनी स्वतःची संस्था नोंदवणं चांगलं. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात सभासद लागतात. सगळ्यांची ओळखपत्रं, घटना व नियमावली आणि कार्यालयाच्या जागामालकाचं संमतीपत्र जोडावं लागतं.

आता कलम ३६. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० नुसार ट्रस्टची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हा अर्ज विश्वस्त करतात, तुम्ही नाही. विश्वस्तांचा ठराव, शेड्यूल-१, कराराचा मसुदा, मूल्यांकन अहवाल आणि ट्रस्टचे लेखापरीक्षित हिशेब तयार ठेवायला त्यांना मदत करा. तीन वर्षांच्या आतला करारही लेखी आणि नोंदणीकृतच हवा.

१९९१ च्या उपासनास्थळ कायद्यानं एका धर्माचं किंवा पंथाचं प्रार्थनास्थळ दुसऱ्याचं करता येत नाही. अभ्यासिका म्हणजे प्रार्थनास्थळ नव्हे, तरी वापर नेमका कशासाठी हे करारात स्वच्छ लिहा.

वास्तू राज्य संरक्षित आहे का, हे पुरातत्त्व विभागाच्या सहायक संचालक कार्यालयात विचारा. जवळ केंद्र संरक्षित स्मारक असेल तर १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र लागू होतं. तिथे डागडुजीलाही परवानगी लागते. वापरबदलाचा अर्ज नगररचना विभागाकडे करा आणि सोबत स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीचा तपासणी अहवाल) द्या.

दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात चुन्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा धरला असेल तर तो काढायला लावा. ओल आत कोंडते, पृष्ठभागावर पांढरा क्षार फुटतो आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधायला वेळ लागला तरी चालेल.

नाताळ, गुड फ्रायडे आणि स्मरणविधीसाठी सभागृह मंडळीला मोकळं मिळेल, हे कलम करारात तुम्ही स्वतःहून घाला.