‘बारावीचे मार्क कोण बघतंय?’

दादरच्या क्लासपासून डोंबिवली लोकलपर्यंत एक समज पक्का आहे: जेईईत (इंजिनिअरिंगच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेत) रँक काढा, बोर्डात नुसतं पास व्हा. हे चूक आहे आणि मुलांना महागात पडतं.

पवईच्या आयआयटीत जागा जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या, म्हणजे जेईईच्या दुसऱ्या टप्प्याच्या, रँकवर मिळते, हे खरं. पण बारावीला ७५ टक्के हवेत (एससी, एसटी, दिव्यांगांना ६५), किंवा आपल्या बोर्डात, आपल्या प्रवर्गातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये (म्हणजे वरच्या २० टक्के मुलांत) नाव हवं. तेही फक्त फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सवर नाही. एक भाषा आणि आणखी एक विषय धरून ५०० पैकी ३७५. म्हणजे ऑप्शनला टाकलेलं इंग्रजीही मोजलं जाऊ शकतं!

सीईटीवाल्या (राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या) इंजिनिअरिंगला अट सौम्य आहे, खुल्या गटाला पीसीएममध्ये ४५ टक्के. पालकांनो, प्रिलिमचे पेपर मुलांना मनापासून लिहू द्या.