नवा लॅपटॉप घेतलात, अँटीव्हायरसचं काय करायचं?

(आमच्या सांगलीतल्या दुकानातून लॅपटॉप नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

लॅपटॉपचं बिल होता होताच पहिला प्रश्न येतो, "अँटीव्हायरस टाकून देताय ना?" आम्ही अँटीव्हायरसचे बॉक्स विकतो. तरीही घरच्या वापरासाठी लॅपटॉप नेणाऱ्या बहुतेकांना तो बॉक्स लागत नाही, आणि हे बिल करण्याआधीच सांगायचं असं आम्ही ठरवलं आहे. काउंटरवर गर्दीत सगळं बोलणं होत नाही, म्हणून हे लिहून दिलं आहे. घरी निवांत वाचा.

विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा अँटीव्हायरस आलेलाच असतो. त्याला वेगळे पैसे नाहीत आणि मुदतही नाही. २०१२ च्या विंडोज ८ पासून तो विंडोजमध्येच आहे. सुरुवातीची काही वर्षं तो कच्चा होता, त्यामुळे "डिफेंडरवर काय भरवसा?" असं अजून ऐकू येतं. आता ती परिस्थिती राहिलेली नाही. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्था बरेच अँटीव्हायरस नियमित तपासतात. त्यांच्या चाचण्यांत अलीकडे डिफेंडर विकतच्या नावाजलेल्या अँटीव्हायरसच्या पंगतीत बसतो. त्याची एक कमतरता मात्र लक्षात ठेवा. त्याची बरीच ताकद इंटरनेटवरून येते. जत-आटपाडीकडच्या वस्तीवर लॅपटॉप चार-चार दिवस नेटशिवाय चालत असेल आणि फाइली पेन ड्राइव्हनंच येत-जात असतील, तर आमच्याशी बोलून ठरवा.

नव्या लॅपटॉपवर खरी गडबड वेगळीच असते. कारखान्यातूनच त्यावर बऱ्याचदा मॅकॅफी किंवा नॉर्टन या विकतच्या अँटीव्हायरसची ट्रायल टाकलेली असते. कधी महिन्याची, कधी वर्षाची. दुसरा अँटीव्हायरस दिसला की डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो. ट्रायल संपली की "तुमचा लॅपटॉप असुरक्षित आहे" अशा सूचना सुरू होतात आणि घाबरून लोक ऑनलाइन पैसे भरून टाकतात. ट्रायल पुढे चालवायची नसेल तर सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्समध्ये जाऊन ती काढून टाका आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. मग स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' शोधून उघडा. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'वर हिरवी खूण दिसली आणि आत 'रियल-टाइम प्रोटेक्शन' ऑन असलं, की डिफेंडर कामाला लागला. आमच्याकडून घेतलेल्या लॅपटॉपवर हे आम्ही तुमच्यासमोर करून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

फुकटात मिळणारे दुसरे अँटीव्हायरस टाकावेत का? डिफेंडर असताना आम्हाला गरज दिसत नाही. फुकट देणारी कंपनी पैसे कुठून तरी मिळवणारच. फुकट अँटीव्हायरस देणाऱ्या अवास्टच्या उपकंपनीमार्फत ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती विकली गेली, म्हणून २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं त्या कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. एकाच लॅपटॉपवर दोन अँटीव्हायरस तर अजिबात नकोत. दोघं एकमेकांच्या कामात पाय घालतात आणि लॅपटॉप रांगायला लागतो. कुणी मित्रानं विकतच्या अँटीव्हायरसचा 'क्रॅक' (पैसे न भरता चालवायची चोरटी कॉपी) दिला तर त्याला हातही लावू नका. व्हायरस घरात येण्याचा तोच हमरस्ता आहे.

आता पेन ड्राइव्ह. कॉलेजची मुलं झेरॉक्सच्या दुकानात प्रोजेक्टची प्रिंट काढायला जातात आणि पेन ड्राइव्ह परत लावल्यावर आतल्या फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसतात. अशा शॉर्टकटवर क्लिक केलं की व्हायरस लॅपटॉपमध्ये उतरतो. मूळ फोल्डर बहुतेक वेळा गेलेला नसतो, लपवलेला असतो. त्यामुळे घाईनं फॉरमॅट मारू नका, पेन ड्राइव्ह तसाच घेऊन या. खरं तर प्रिंटसाठी फाइल स्वतःला मेल करून ठेवली, तर हा सगळा प्रकारच टळतो.

पैसे देऊन अँटीव्हायरस घ्यावा, असं आम्ही काही जणांना आवर्जून सांगतो. मार्केट यार्डातलं हळदीचं किंवा बेदाण्याचं अडत दुकान घ्या. एकाच मशीनवर टॅली, जीएसटी आणि बँक, त्यावर बसणारे तिघंचौघं, आणि मेलवर रोज अनोळखी बिलं. इथे एकानं चुकीची फाइल उघडली तर सगळ्या पेढीचं काम थांबतं. अशा ठिकाणी पेन ड्राइव्हवर बंधन घालणारा, सगळ्या मशीन एका जागेवरून बघता येणारा आणि अडल्यावर फोन उचलणारा अँटीव्हायरस पैसे वसूल करतो. मुलांच्या वापरावर वेळेचं बंधन एवढंच हवं असेल, तर मायक्रोसॉफ्टचं फॅमिली सेफ्टी आधी वापरून बघा, त्याची मूळ सोय फुकट आहे. विकत घेताना पहिल्या वर्षाच्या सवलतीवर जाऊ नका, दुसऱ्या वर्षी किती पडतील ते विचारा. ऑनलाइन घेतला असेल तर ऑटो-रिन्यूअल चालू आहे का तेही बघा, नाहीतर कार्डातून पैसे परस्पर कापले जातात.

अँटीव्हायरसचे पैसे वाचले, तर ते एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घाला. याबाबत आमचा आग्रह आहे. रॅन्समवेअर (खंडणी मागणारा व्हायरस) आलं की फाइलींना कुलूप लागतं आणि अँटीव्हायरस नंतर टाकून ते उघडत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा असाच व्हायरस जगभर पसरला. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिली होती. ती ज्यांनी टाकली नव्हती ते सापडले. म्हणून अपडेट पुढे ढकलू नका आणि आठवड्यातून एकदा बॅकअप घ्या. बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवा, कारण लावलेली राहिली तर तिच्यावरच्या फाइलीही जातात. आणि ती तळमजल्यावर ठेवू नका. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा खालच्या कपाटातला कॉम्प्युटर आणि त्याच कपाटातला बॅकअप दोन्ही पाण्यात गेलेली गिऱ्हाइकं आम्ही पाहिली आहेत. वर्षानुवर्षांच्या खतावण्या होत्या त्यात.

स्क्रीनच्या कोपऱ्यात "तुमच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" असं आलं तर फोन करू नका. ते बहुधा एखाद्या साइटला चुकून दिलेल्या नोटिफिकेशनच्या परवानगीमुळे येतं. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ती परवानगी काढली की थांबतं. फोन केलाच असेल आणि खात्यातून पैसे गेले असतील, तर दुकानात येण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि बँकेला कळवा. तिथे पहिले काही तास महत्त्वाचे असतात. तोवर लॅपटॉपचं नेट बंद ठेवा. तो नंतर आणलात तरी चालेल.